ब्लोअरचं बेअरिंग सारखं का जातं? घर्षण, बेअरिंगचे प्रकार आणि निवडीबद्दल

प्रश्न नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नव्यानेच मेन्टेनन्सला लागलेल्या इंजिनीअरचा आहे. ड्रायरचा गरम हवेचा ब्लोअर, १४५० आरपीएम, पट्ट्यावर चालणारा. दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंग धरणारी हाउसिंग), दोन्हीत २२२१८ के नंबरचं स्फेरिकल रोलर बेअरिंग, अडाप्टर स्लीव्हवर (शाफ्टवर आवळायच्या निमुळत्या नळीवर) बसवलेलं. दोन बेअरिंगमध्ये अंतर ८०० मिलिमीटर. दर दोन-अडीच महिन्यांनी एखादं बेअरिंग जातं. शेठजी म्हणतात माल डुप्लिकेट येतोय, फिटर म्हणतो याहून हेवी बेअरिंग घाला. सोबत कापलेल्या आउटर रेसचे, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याचे, फोटो आहेत आणि शेवटी एक तक्रार: कॉलेजात घर्षण शिकलो, बेअरिंगचे प्रकार पाठ केले, पण कुठे कोणतं आणि का, हे कोणी सांगितलंच नाही.

आधी ब्लोअरचं सांगतो, कारण तुमचं काम अडलंय. हेवी बेअरिंग घालू नका. उलट दोन्ही प्लमर ब्लॉकची झाकणं उघडा आणि बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला हाउसिंगमध्ये सरकू न देणाऱ्या) टाकल्या आहेत का ते बघा. माझा अंदाज आहे की दोन्ही ब्लॉकमध्ये टाकलेल्या असतील. खोक्यातून रिंगा निघाल्या की आपला फिटर त्या टाकतोच, उरलेलं सामान त्याला बघवत नाही.

अंदाज हवेतला नाही. तुमच्या फोटोतच दिसतंय. २२२१८ मध्ये रोलरच्या दोन ओळी असतात. भार सरळ वरून खाली असेल तर आउटर रेसच्या खालच्या भागात दोन्ही ओळींचे सारखे मंद पट्टे उमटतात. तुमच्या दोन्ही रेसवर एकाच ओळीचा पट्टा आहे, तो रेसभर गोल फिरलाय, आणि दोन्हीकडे तो बाहेरच्या बाजूचा आहे. पुलीकडच्या बेअरिंगला पुलीकडची ओळ, पंख्याकडच्याला पंख्याकडची. म्हणजे शाफ्ट दोन्ही बेअरिंगना आतून बाहेर ढकलतोय. शाफ्ट असं एकाच वेळी दोन्ही दिशांना तेव्हाच ढकलतो, जेव्हा तो गरम होऊन लांबतो आणि त्याला लांबायला जागा मिळत नाही.

हिशोब करून बघा. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. गरम हवेमुळे तुमचा शाफ्ट खालच्या फाउंडेशन फ्रेमपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापला, तर ८०० मिलिमीटरच्या अंतरात ०.४३ मिलिमीटर वाढ होते. स्लीव्ह आवळल्यावर बेअरिंगच्या आत जी ढील उरते, ती एवढी वाढ पोटात घेऊ शकत नाही. मग रोलर रेसमध्ये पाचरीसारखे दाबले जातात, घर्षण वाढतं, त्याने बेअरिंग आणखी तापतं, इनर रेस आणखी फुगते, उरलीसुरली ढीलही जाते. इथून पुढे प्रकरण काही तासांचंसुद्धा असू शकतं.

आता फिटरच्या हेवी बेअरिंगकडे येऊ. तुम्ही दिलेल्या रोटरच्या वजनावरून आणि पट्ट्याच्या ताणावरून एका बेअरिंगवर फार तर ५ किलोन्यूटन येतात. २२२१८ ची डायनॅमिक क्षमता ब्रँडनुसार थोडी कमी-जास्त, पण ३०० किलोन्यूटनच्या आसपास. आयुष्याचं सूत्र तुम्हाला माहीत आहे: क्षमता भागिले भार, रोलर बेअरिंगसाठी त्याचा ३.३३ वा घात, उत्तर दशलक्ष फेऱ्यांत. ६० चा हा घात काढला की साडेआठ लाखांच्या जवळ जातो. तेवढे दशलक्ष फेरे १४५० आरपीएमने पुरे करायला हजार वर्षांहून जास्त लागतील. कॅटलॉग हजार वर्षं म्हणतो आणि बेअरिंग दोन महिन्यांत जातं, तेव्हा ते भाराने थकून गेलेलं नाही एवढं तरी नक्की. क्षमता वाढवून मग काय साधणार?

उलट तोटाच आहे. रोलर फिरायला रेसशी थोडं घर्षण लागतं, आणि ते मिळायला थोडा भार लागतो. रोलर बेअरिंगवर क्षमतेच्या निदान २ टक्के भार असावा असा ढोबळ नियम आहे. तुमच्यासाठी ते ६ किलोन्यूटन होतात, म्हणजे तुम्ही आत्ताच काठाच्या किंचित खाली आहात. याहून मोठं बेअरिंग घातलं तर रोलर फिरण्याऐवजी घसटत जातील, आणि रेसवर धातू सारवल्यासारखे चट्टे दिसू लागतील. घर्षण म्हणजे फक्त शत्रू असं पुस्तक वाचून वाटतं, पण बेअरिंगमधलं घर्षण शून्यावर आलं तर रोलर फिरणारच नाहीत.

शेठजींचा संशय खोटा आहे असं म्हणत नाही. डुप्लिकेट माल बाजारात आहे. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या, मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर खोक्यावरचा कोड तपासता येतो तोही तपासा. पण डुप्लिकेट बेअरिंग बाहेरची ओळ निवडून घासत नाही.

आता घर्षणाबद्दल. कॉलेजात आपण घर्षण गुणांक एका आकड्यात शिकतो, आणि आमोंतों (१६९९) व कूलों (१७८५) यांचे नियम म्हणतो: घर्षण भारावर अवलंबून, क्षेत्रफळावर नाही. कोरड्या सरकत्या पृष्ठभागांसाठी ते ठीक. कोरड्या पोलादावर पोलाद घासलं तर गुणांक ०.५ च्या वर जातो. तेलाचा नुसता ओशटपणा असेल तर ०.१ च्या आसपास. बेअरिंग गोल फिरायला लागलं की मात्र आकडे पार बदलतात: डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंगला साधारण ०.००१५, तुमच्या स्फेरिकल रोलरला ०.००१८.

हे आकडे ब्लोअरवर लावू. ५ किलोन्यूटन भार, ९० मिलिमीटर बोअर (आतला व्यास), १४५० आरपीएम. ०.००१८ ने घर्षणाची उष्णता येते सुमारे ६० वॅट, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तीच जागा ०.१ गुणांकाच्या ओशट बुशला (बॉल-रोलर नसलेल्या साध्या बेअरिंगला) दिली तर ३.४ किलोवॅट. बुश जळणार, पांढरा धूर येणार, आणि तुम्ही शेठजींच्या केबिनमध्ये.

पण ०.००१८ हा आकडा बेअरिंग नीट बसलेलं असतानाचा. रोलिंग बेअरिंगमध्येही घर्षण चार ठिकाणाहून येतं. रोलरखाली पोलाद किंचित दबतं आणि परत वर येतं, त्यात थोडी ऊर्जा जाते. रोलर केजला (त्यांना अंतरावर धरणाऱ्या जाळीला) आणि रेसच्या कडेला घासतात. सील शाफ्टवर घासतं. आणि ग्रीस घुसळलं जातं. लोकांना पहिलं महत्त्वाचं वाटतं, पण कारखान्यात बेअरिंग तापवणारं बहुतेक वेळा शेवटचं असतं. हाउसिंग गच्च भरून ग्रीस मारायची सवय. हाउसिंगमधली मोकळी जागा निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. पुन्हा मारताना ग्रॅममध्ये किती, यासाठी सोपं सूत्र आहे: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५. २२२१८ चं माप ९० बाय १६० बाय ४० मिलिमीटर (बोअर, बाहेरचा व्यास, रुंदी), म्हणजे ३२ ग्रॅम. तुमच्या ग्रीस गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा, हे दहा स्ट्रोक कागदावर मारून काट्यावर तोला. गनागणिक फरक पडतो. आणि नोझल पुसल्याशिवाय निपलला लावू देऊ नका. रोलर आणि रेस यांच्यातला वंगणाचा थर मायक्रोनभर किंवा त्याहूनही पातळ असतो. नोझलवरची धूळ त्याच्या कितीतरी पट जाड.

नागपूरला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे मे महिना. जानेवारीत ६५ अंशांवर सुखाने चालणारं बेअरिंग मे महिन्यात पत्र्याखाली ९० ला टेकतं, त्यात कोणाचाच दोष नसतो. पण ७० च्या वर दर १५ अंशांमागे ग्रीसचं आयुष्य अर्ध्यावर येतं असं धरतात. तेलही पातळ होतं: ४० अंशांना १०० सेंटिस्टोक असलेलं तेल १०० अंशांना जेमतेम ११ उरतं. म्हणून ग्रीसिंगचं वेळापत्रक उन्हाळ्याचं वेगळं करा. वर्षभर एकच तक्ता भिंतीवर लावून ठेवणं आपल्याकडे चालत नाही. ग्रीस बदलायचं झालं तर जुनं पूर्ण धुऊन काढा. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र झाले तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं, आणि रंग बघून जात ओळखता येत नाही.

बेअरिंगच्या प्रकारांचं म्हणाल तर पाठ केलेली यादी विसरा. शाफ्टकडे बघून तीन प्रश्न विचारा: भार कोणत्या दिशेने येतो, शाफ्ट वाकतो का, आणि लांबतो का. बहुतेक निवड तिथेच होऊन जाते.

सगळ्यात आधी साधं बुश किंवा जर्नल बेअरिंग, ज्यात गोळ्या-रोलर काहीच नसतात. लोक याला जुनाट समजतात. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात, त्यांतल्या कित्येक लहान मोटरींना सिंटर्ड ब्राँझचं बुश असतं. भुकटी दाबून भाजलेलं, साधारण पाचवा हिस्सा पोकळी, आणि त्या पोकळीत तेल मुरलेलं. मोटर तापली की तेल वर येतं, थंड झाली की परत आत जातं. सीझनच्या सुरुवातीला कूलरवाला दोन थेंब टाकतो तेवढं पुरतं. आणि दुसऱ्या टोकाला कोराडीचा ६६० मेगावॅटचा टर्बाइन. एवढा अवजड रोटर ३००० आरपीएमने फिरतो, तोही बॉल-रोलरवर नाही तर व्हाइट मेटलच्या (मऊ मिश्रधातूच्या) जर्नल बेअरिंगवर. वेग आला की शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलाच्या थरावर उचलला जातो. धातूला धातू लागतच नाही. हे इंग्लंडमध्ये बीचम टॉवरने १८८३ च्या सुमारास रेल्वे एक्सलच्या बेअरिंगवर प्रयोग करताना पाहिलं. त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तेल वर यायला लागलं म्हणून लाकडी खुंटी ठोकली, तर तेलाच्या दाबाने खुंटीच बाहेर ढकलली गेली. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं, आजही तेच वापरतात. याचा कच्चा भाग म्हणजे चालू-बंद होण्याची वेळ. वेग नसेल तर थर नाही. म्हणून मोठ्या टर्बाइनला सुरुवातीला पंपाने दाब देऊन रोटर उचलतात आणि बंद केल्यावरही बॅरिंग गिअर नावाच्या वेगळ्या यंत्रणेने हळूहळू फिरवत ठेवतात.

तुमच्या कारखान्यातली बहुतेक बेअरिंग डीप ग्रूव्ह बॉल असतील, नंबर ६ ने सुरू होणारी. ६२०५ घ्या: ६ म्हणजे डीप ग्रूव्ह, २ ही मापाची मालिका, आणि ०५ ला ५ ने गुणलं की बोअर २५ मिलिमीटर. ही युक्ती ०४ पासून पुढे चालते. त्याआधी ००, ०१, ०२, ०३ म्हणजे १०, १२, १५, १७. नंबरापुढचं २झेड म्हणजे दोन्हीकडे पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबरी सील. सी३ म्हणजे आतली ढील नेहमीपेक्षा जास्त. ते तापणाऱ्या मोटरीला हवं असतं. दुकानात सी३ नाही म्हणून साधं आणून बसवणं हा आपल्याकडचा नेहमीचा उद्योग. मोटरला ते काही दिवस चालतंही, म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. हे बेअरिंग उभा भार (शाफ्टला काटकोनातला) घेतं, थोडा आडवाही (शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा) घेतं, वेगाला उत्तम. वाकलेला शाफ्ट मात्र याला सोसत नाही.

आडवा दाब जास्त असेल, जसा पंपात किंवा लेथच्या स्पिंडलमध्ये असतो, तिथे ७ ने सुरू होणारं अँग्युलर कॉन्टॅक्ट. ते एकाच दिशेचा दाब घेतं, म्हणून बहुधा जोडीने येतं, पाठीला पाठ किंवा तोंडाला तोंड लावून. उलटं बसवलं तर पहिल्याच दिवशी कळतं. पट्ट्याचा जोर मोठा असेल तर मोटरच्या पुलीकडच्या बाजूला एनयू जातीचं सिलिंड्रिकल रोलर. त्याच्या एका रेसला कडा नसतात, त्यामुळे शाफ्ट आत-बाहेर सरकू शकतो. आडवा भार ते घेतच नाही, मोटरचं दुसऱ्या टोकाचं बॉल बेअरिंग घेतं. उभा आणि आडवा दोन्ही भार एकदम येत असतील तर टेपर रोलर. हेन्री टिमकेनचं पेटंट १८९८ चं. ट्रकच्या चाकात, गिअरबॉक्समध्ये हेच, आणि आता रेल्वेच्या मालगाड्यांच्या वॅगनलाही. नागपूरहून कोळसा घेऊन जाणारे बॉक्स वॅगन बघा, एक्सलच्या टोकाला झाकलेलं कार्ट्रिज दिसेल. पूर्वी तिथे व्हाइट मेटल आणि तेलाने भिजवलेले बोळे असायचे, आणि 'हॉट एक्सल' म्हणून अख्खी गाडी वाटेत उभी राहायची.

थ्रस्ट बॉल, ५१ ने सुरू होणारं, फक्त आडवा दाब घेतं. जास्त वेग आणि उभा भार दोन्ही त्याला वर्ज्य. नीडल रोलर बारीक जागेसाठी, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये सापडेल.

राहिलं वाकणाऱ्या शाफ्टचं. त्याचं उत्तर एका कापडगिरणीतून आलं. स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या गिरणीत स्वेन विंगक्विस्ट मेन्टेनन्स बघत होता. त्या काळच्या गिरण्यांत, आपली नागपूरची एम्प्रेस मिलही त्याच काळातली, १८७७ ची, छताखालून लांबच लांब लाइन शाफ्ट जायचे आणि पट्ट्यांनी यंत्रं फिरायची. गोटेनबर्गची जमीन चिकणमातीची, इमारत दबली की शाफ्टची लाइन जायची आणि बेअरिंग जायची. त्याने आउटर रेसची आतली बाजू गोलाच्या आकाराची केली, त्यामुळे गोळ्यांच्या दोन्ही ओळी शाफ्टसोबत तिरक्या होऊ शकल्या. १९०७ साली हे सेल्फ अलाइनिंग बॉल बेअरिंग आलं आणि त्यावर एसकेएफ उभी राहिली. त्याच कल्पनेत गोळ्यांच्या जागी पिंपासारखे रोलर आले, ते तुमचं २२ मालिकेचं स्फेरिकल रोलर. क्रशर, कन्व्हेअर, व्हायब्रेटिंग स्क्रीन, ब्लोअर, सगळीकडे हे. म्हणजे तुमच्या ब्लोअरला बेअरिंगचा प्रकार बरोबरच निवडलाय. तिरका शाफ्ट ते सोसतं, भार सोसतं. पण शाफ्ट लांबला तर ते स्वतःच्या आत सरकू शकत नाही, त्याला हाउसिंगमध्ये सरकावं लागतं. एनयू आणि यात फरक इथेच आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पुलीकडचा ब्लॉक पक्का ठेवा, बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना रिंगा टाकून. पंख्याकडच्या ब्लॉकमधल्या रिंगा काढून टाका. बेअरिंग हाउसिंगच्या मधोमध किंवा किंचित आतल्या बाजूला बसवा, बाहेर सरकायला जागा राहिली पाहिजे. हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावरून बोट फिरवा. गंज, खाचा किंवा आधीच्या रेसने पाडलेला कंगोरा असेल तर रिंगा नसूनही बेअरिंग सरकणार नाही. एमरीने साफ करा. रेस गोल फिरून हाउसिंगच खाल्लं असेल तर ब्लॉक बदला. आउटर रेस फिरू नये म्हणून आतून सेंटर पंचचे ठिपके मारायची पद्धत आपल्याकडे आहे, ती इथे मुळीच नको. ठिपक्यांच्या टोकांवर बसलेली रेस वाकडी होते आणि सरकणंही बंद होतं.

स्लीव्ह आवळताना हातोडीचे ठोके मोजून आवळायचं बंद करा. बेअरिंग सैल असताना वरच्या, भार नसलेल्या रोलरवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून ढील मोजा, दोन्ही ओळींत. समजा ०.१० मिलिमीटर निघाली. आता हुक स्पॅनरने नट आवळत जा आणि मधून मधून शाफ्ट हाताने फिरवून परत मोजा. २२२१८ ला ढील ०.०४५ ते ०.०६० ने कमी व्हायला हवी, म्हणजे तुम्ही ०.०५ च्या आसपास थांबाल. दोन्ही ओळींत सारखी येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग लॉक वॉशरची पाकळी नटाच्या खाचेत वळवा. पाकळी खाचेसमोर आली नाही तर नट थोडा पुढे न्या, मागे नको. या कामाला फिटर अर्धा तास मागेल, द्या त्याला.

ब्लोअर चालू केल्यावर पहिले दोन-तीन तास दोन्ही ब्लॉकचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहा. सुरुवातीला ते चढेल, ग्रीस पसरेपर्यंत, मग उतरून एका जागी स्थिरावेल. चढतच राहिलं तर बंद करा. बाहेरून हात लावून अंदाज घेऊ नका, ६० अंशांना हात टिकत नाही आणि ६० अंश बेअरिंगला काहीच नाहीत.

हे सगळं करूनही पंख्याकडचं बेअरिंग गेलं, तर रेस कापून परत बघा. या वेळी दोन्ही ओळींत पट्टा असेल आणि तो रेसभर गोल न फिरता एका बाजूलाच खोल असेल, तर लांबण्याचा प्रश्न सुटलाय आणि भाराचा वेगळा प्रश्न आहे. पट्टा इनर रेसवर एकाच जागी खोल असेल तर पंख्याच्या पात्यांवर धूळ बसून रोटर असंतुलित झालाय, ती खरवडून बॅलन्सिंग करून घ्या. आणि रेसवर वॉशबोर्डसारख्या समांतर आडव्या रेघा दिसल्या तर बेअरिंगमधून वीज वाहिली आहे; एक शक्यता म्हणजे कोणीतरी ब्लोअरच्या बॉडीवर वेल्डिंग केलंय आणि त्याचा करंट शाफ्टमधून गेलाय. वेल्डरला अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी शेजारी लावायला सांगा, शाफ्ट कधीच मधे येता कामा नये.